रेटिनायटिस पिगमेंटोसा: जीन थेरपी कुठवर आली आणि तोपर्यंत फोन काय काय करू शकतो?

सिनेमा सुरू झाल्यावर थिएटरमध्ये शिरलात तर पहिली काही मिनिटं धडपडायला होतं. मग डोळे अंधाराला सरावतात, रांगा दिसायला लागतात, आपली सीट सापडते. पण तुमच्या ग्रुपमध्ये असा एखादा मित्र असेल ज्याचे डोळे सरावतच नाहीत. इंटरव्हलपर्यंत तो मोबाइलचा टॉर्च लावूनच चालतो. ट्रेकला गेल्यावर सूर्य मावळला की तो गप्प होतो आणि कुणाच्या तरी बॅगेला धरून उतरतो. दिवसा मात्र तोच पोरगा क्रिकेटचा स्कोअर लांबून वाचून दाखवतो. त्यामुळे सगळे त्याला ‘वेंधळा’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

बहुतेक वेळा तो खरंच नुसता वेंधळा असतो. पण काही वेळा ही रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजाराची सुरुवात असते. डॉक्टर मंडळी याला थोडक्यात आरपी म्हणतात. हा आजार जीन्समधून येतो, हळूहळू वाढतो आणि अनेकांची नजर तरुणपणापासूनच कमी करत नेतो. यावर इंटरनेटवर जे मराठीत सापडतं त्यात अर्धं ‘गाजर खा’ असतं आणि अर्धं ‘चमत्कारिक उपचार, आजच फोन करा’ असतं. म्हणून संशोधन नक्की कुठे पोचलंय, काय खोटं आहे आणि खिशातला स्मार्टफोन आत्ता काय करू शकतो, हे इथे नीट मांडतोय.

डोळ्यात नेमकं काय बिघडतं?

डोळ्याला कॅमेरा मानलं तर रेटिना म्हणजे त्याचा सेन्सर. या सेन्सरवर दोन प्रकारच्या पेशी असतात. साधारण १२ कोटी रॉड पेशी मंद उजेडात आणि कडेकडेचं दिसण्यासाठी, आणि सुमारे ६० लाख कोन पेशी रंग आणि बारीक तपशिलासाठी. आरपीमध्ये आधी रॉड मरतात. म्हणून पहिलं लक्षण रातांधळेपणा. मग बाजूचं दिसणं कमी होतं. दाराची चौकट खांद्याला लागते, पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही, शेजारून आलेली बाइक ‘अचानक’ येते. शेवटी उरतो तो मधला छोटा गोल, म्हणजे बोगद्यातून बघितल्यासारखं. त्या गोलात मात्र बरीच वर्षं सगळं स्पष्ट दिसू शकतं. पुढे कोन पेशीही थकतात आणि तोही अंधुक होतो. हा प्रवास कुणाचा वीस वर्षांचा, कुणाचा पन्नास वर्षांचा. एकाच घरातल्या दोन भावांचाही वेग सारखा असेलच असं नाही.

नावाबद्दल एक गोष्ट. शेवटी ‘आयटिस’ आलं की डॉक्टरी भाषेत त्याचा अर्थ सूज. पण आरपीत मूळ कारण सूज नाही. जुन्या काळी पडलेलं नाव चिकटून राहिलंय इतकंच.

रातांधळेपणा म्हटलं की घरात पपई आणि गाजर सुरू होतात. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे होणारा रातांधळेपणा ते जीवनसत्त्व भरून काढलं की बरा होतो, हे खरं. पण आरपीत पेशीच मरत असतात, तिथे गाजराचा काही उपयोग नाही. दोन्हीतला फरक घरी बसून कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना रेटिना बघून आणि दोन-तीन तपासण्या करून कळतो: कडेचं किती दिसतं ते मोजणारी फील्ड टेस्ट, रेटिनाचे थर दाखवणारी ओसीटी, आणि पेशी उजेडाला किती प्रतिसाद देतात ते मोजणारी ईआरजी. फक्त चष्म्याचा नंबर काढून परत आलात तर आरपी सुटू शकतो, कारण समोरचा तक्ता तर पूर्ण वाचता येतो!

जगभरात साधारण ४,००० लोकांमागे एकाला आरपी असतो असं मानतात. आपल्याकडे प्रमाण जास्त दिसतं. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या पाहणीत ते सुमारे ७५० लोकांमागे एक असं निघालं. म्हणजे हा ‘कुठेतरी परदेशात कुणालातरी होणारा’ आजार नाही.

आरपीची भावंडंही आहेत. लेबर कंजेनिटल अमॉरोसिसमध्ये बाळाला जन्मापासूनच फार कमी दिसतं. स्टारगार्टमध्ये उलटं होतं, मधलं जातं आणि कडेचं राहतं. अशर सिंड्रोममध्ये नजरेबरोबर ऐकूही कमी येतं. पुढे फोनच्या सेटिंग्जकडे आलो की हा फरक फार कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

‘आमच्या घराण्यात तर कुणालाच नाही!’

हे वाक्य डॉक्टरांनी हजार वेळा ऐकलेलं असतं. गंमत अशी की आरपीच्या बऱ्याच केसेसमध्ये खरंच आधी कुणालाच नसतं.

प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन कॉपी असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. आरपीच्या एका मोठ्या गटात एक कॉपी खराब असली तरी दुसरी काम भागवते. अशा माणसाला कॅरिअर म्हणतात, त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो. आई आणि वडील दोघेही एकाच जीनचे कॅरिअर असले तर प्रत्येक मुलाला दोन्ही खराब कॉपी मिळण्याची शक्यता २५ टक्के. प्रत्येक मुलाला, हे महत्त्वाचं. ‘पहिल्याला झालं, आता पुढचे तीन सुटले’ असं गणित नसतं.

नात्यातल्या लग्नाचा मुद्दा इथेच येतो. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या जीन्सचा सुमारे आठवा हिस्सा एकाच आजी-आजोबांकडून आलेला असतो, त्यामुळे दोघांकडे तीच खराब कॉपी असण्याची शक्यता वाढते. याचा अर्थ असं प्रत्येक लग्न धोक्याचं असा नाही. पण घरात आधीच कुणाला आरपी असेल तर लग्नाआधी जेनेटिक काउन्सेलरशी बोलणं पत्रिका जुळवण्यापेक्षा नक्कीच उपयोगाचं आहे.

दुसऱ्या प्रकारात एकच खराब कॉपी पुरते. मग आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. तिसऱ्यात खराब जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. आईला बहुतेक वेळा फारसा त्रास नसतो, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के. या तिसऱ्या प्रकारावरून घराघरांत फार वाईट बोललं जातं. ‘तिच्या माहेरून आलंय’ हे वाक्य सुनेला आयुष्यभर ऐकवलं जातं. पण कोणती कॉपी पुढे जाणार हे कुणी निवडत नाही. आणि पहिल्या प्रकारात तर अर्धा वाटा वडिलांचाच असतो, ते मात्र कुणी बोलत नाही.

जीन टेस्ट का करायची, इलाजच नाही तर?

प्रश्न बरोबर आहे. पण आजच्या घडीला सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच टेस्ट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्या आरपीला कारणीभूत ठरणारे ८० पेक्षा जास्त जीन्स सापडलेत, आणि रेटिनाचे सगळे आनुवंशिक आजार धरले तर आकडा अडीचशेच्या वर जातो. पुढे येणारे बरेचसे उपचार एकेका जीनसाठी बनतायत. तुमचा जीन कोणता हे माहीत नसेल तर उद्या उपचार आला तरी तो तुमच्यासाठी आहे की नाही हे कळणारच नाही.

शिवाय काही मोजके प्रकार असे आहेत की ते वेळेत ओळखले तर आहार बदलून नुकसान बरंच रोखता येतं. रेफसम हा त्यातला एक. त्यात शरीराला फायटॅनिक ॲसिड नावाचं एक द्रव्य पचवता येत नाही, म्हणून ते असलेले पदार्थ बंद करावे लागतात. फार कमी लोकांना असतो, पण ‘इलाजच नाही’ म्हणून तपासणीच टाळली तर यांचं नुकसान विनाकारण होतं.

टेस्टसाठी रक्त किंवा लाळ घेतात आणि संशयित जीन्सची पूर्ण यादी एकदम वाचतात. रिपोर्ट येतो तेव्हा तीनपैकी काहीतरी होतं. नक्की कारण सापडतं, काहीच सापडत नाही, किंवा जीनमध्ये बदल दिसतो पण तो दोषी आहे की निरुपद्रवी हे ठरवता येत नाही. तिसरा निकाल आला की लोक हैराण होतात. घाबरू नका, पण रिपोर्ट फेकूही नका. पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, कारण दोन-चार वर्षांनी माहिती वाढल्यावर तोच डेटा परत तपासता येतो.

हैदराबादची एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूट, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, बंगळुरूचं नारायण नेत्रालय आणि दिल्लीचं एम्स इथे रेटिनाच्या आनुवंशिक आजारांवर काम चालतं. तुमच्या शहरातले रेटिना तज्ज्ञही सॅम्पल पाठवू शकतात. ‘तुमचे पूर्वज कुठून आले’ सांगणारी ऑनलाइन किट मात्र या कामाची नाहीत.

लक्सटर्ना: पहिलं औषध

१९ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, लक्सटर्नाला मंजुरी दिली. आनुवंशिक आजारावर थेट शरीरात दिली जाणारी, तिथे मंजूर झालेली ही पहिली जीन थेरपी.

काम कसं करते? कुरिअर डोळ्यासमोर आणा. एक निरुपद्रवी व्हायरस घ्यायचा, त्याच्या आतला माल काढून टाकायचा आणि त्या जागी जीनची चांगली कॉपी भरायची. मग ऑपरेशन करून तो रेटिनाच्या खाली सोडायचा. व्हायरस पेशीत शिरतो, पार्सल पोचवतो, पेशी चांगली कॉपी वाचून हवं ते प्रोटीन बनवायला लागते. डोळा या प्रयोगासाठी सोयीचा, कारण तो लहान आहे, बराचसा बंदिस्त आहे, आतलं बाहेरून बघता येतं, आणि एका डोळ्यावर उपचार करून दुसऱ्याशी तुलना करता येते.

यामागे फिलाडेल्फियातल्या जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या संशोधक जोडप्याची अनेक वर्षांची मेहनत आहे. २००१ मध्ये जन्मतः अंध असलेल्या कुत्र्यांना या पद्धतीने दिसायला लागल्याचं जाहीर झालं. त्यातला लान्सलॉट नावाचा कुत्रा तर बराच प्रसिद्ध झाला. माणसांवरच्या चाचणीत तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावण्यापेक्षा वेगळी परीक्षा घेतली: जमिनीवर बाण आणि अडथळे असलेला एक छोटा मार्ग, आणि उजेड टप्प्याटप्प्याने कमी करत जायचा. आधी ज्यांना लख्ख उजेडातच चालता येत होतं त्यांच्यातले बरेच जण उपचारानंतर अगदी मंद उजेडात तो पार करू लागले. रात्री घराबाहेर पडता येणं म्हणजे काय, हे आरपीवाल्यांनाच विचारा.

आता कडू भाग. लक्सटर्ना फक्त आरपीई६५ या एकाच जीनसाठी आहे आणि एकूण रुग्णांमध्ये हा जीन दोषी असलेले फार थोडे. त्यातही रेटिनात पुरेशा जिवंत पेशी उरलेल्या असाव्या लागतात, मेलेल्या पेशींना पार्सल देऊन उपयोग नाही. किंमत बाजारात आली तेव्हा दोन्ही डोळ्यांची मिळून ८,५०,००० डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेपाच कोटी रुपयांच्या आसपास.

मग बाकीच्या जीन्ससाठी असंच का करत नाहीत? चालू आहेत प्रयत्न, पण कुरिअरच्या खोक्याची साइज आडवी येते. हा व्हायरस डीएनएची साधारण ४,७०० अक्षरंच वाहू शकतो. आरपीई६५ त्यात आरामात बसतो. स्टारगार्टला कारणीभूत असलेला एबीसीए४ सुमारे ६,८०० अक्षरांचा आहे. ४ जीबीच्या कार्डावर ६ जीबीची फाइल कॉपी करून बघा, तसंच. म्हणून जीन दोन तुकड्यांत पाठवणं असे मार्ग शोधले जातायत.

आणखी एक मार्ग म्हणजे खराब अक्षर जागेवरच दुरुस्त करणं, म्हणजे क्रिस्पर. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये क्रिस्पर पहिल्यांदा थेट माणसाच्या शरीरात वापरल्याचं जाहीर झालं, आणि तेही डोळ्यातच, लेबर कंजेनिटल अमॉरोसिसच्या एका प्रकारासाठी. १४ जणांवरच्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये छापून आला. त्यातल्या ११ जणांमध्ये कुठल्या ना कुठल्या मोजमापात सुधारणा होती. तरीही कंपनीने २०२२ च्या अखेरीसच स्वतःच्या बळावर हे काम पुढे न्यायचं थांबवलं होतं, कारण स्पष्ट फायदा ज्यांना होईल असे रुग्ण फार थोडे होते. विज्ञान अडलं नव्हतं, धंद्याचं गणित बसलं नाही.

ज्यांच्या पेशी जवळजवळ संपल्यात त्यांच्यासाठी ऑप्टोजेनेटिक्स आहे. रेटिनातल्या मागच्या पेशी मेल्या तरी पुढच्या, मेंदूकडे सिग्नल नेणाऱ्या पेशी शिल्लक असतात. त्यांनाच प्रकाश ओळखायला शिकवायचं. २०२१ मध्ये पॅरिसच्या प्रयोगातल्या ५८ वर्षांच्या आरपी रुग्णाची माहिती प्रसिद्ध झाली. खास गॉगल घातल्यावर तो टेबलावरची वस्तू कुठे आहे ते ओळखून हात लावू शकला, समोरचे ग्लास मोजू शकला. चेहरे दिसले नाहीत, वाचता आलं नाही. पण ही पद्धत कुठल्याही एका जीनला बांधलेली नाही, म्हणून तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे.

डोळ्यातलं गॅजेट आणि बंद पडलेला सपोर्ट

फोनला दोन वर्षांत अपडेट येणं बंद झालं की आपण चिडतो. आर्गस टू ची गोष्ट ऐका. कॅलिफोर्नियाच्या सेकंड साइट कंपनीने आरपी रुग्णांसाठी ६० इलेक्ट्रोडची चिप बनवली. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला छोटा कॉम्प्युटर आणि रेटिनावर बसवलेली चिप. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये मंजुरी मिळाली, जगभरात ३५० हून जास्त लोकांनी ती बसवून घेतली. दिसायचे ते उजेडाचे ठिपके, पण दार कुठे, फुटपाथची कड कुठे एवढं समजायचं.

मग कंपनीला पैसे कमी पडले, तिने हे उत्पादन बंद केलं आणि २०२० मध्ये ती जवळपास बुडायच्या बेतात आली. चिप असलेल्या लोकांना सुटे भाग आणि दुरुस्ती मिळेना. कुणाची यंत्रणा एक दिवस चालता चालता बंद पडली. एमआरआय काढायची वेळ आली तर डोळ्यात हे यंत्र आहे, काय करायचं ते विचारायला कंपनीत माणूस नाही. काढायचं तर परत ऑपरेशन.

म्हणून बायोनिक डोळ्याचा नवा व्हिडिओ दिसला की ‘किती दिसतं?’ बरोबर ‘कंपनी गेली तर काय?’ हाही प्रश्न विचारा.

पैसे मागणारा प्रयोग हा प्रयोग नसतो

नजर जाताना माणूस काहीही करून बघायला तयार असतो आणि हे ओळखून दुकानं मांडलेली असतात. ‘स्टेम सेलने आरपी बरा’ अशा जाहिराती इन्स्टावर सहज दिसतात. स्टेम सेलवर खरं संशोधन चालू आहे, पण पैसे भरा आणि टोचून घ्या अशा स्वरूपातला आरपीचा कुठलाही सिद्ध उपचार आज नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात फ्लोरिडाच्या तीन वृद्ध महिलांची हकीकत आली होती. त्यांचा आजार वेगळा होता, वयामुळे होणारा. एका क्लिनिकने ५,००० डॉलर घेऊन त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी स्टेम सेल टोचल्या. थोडीफार होती ती नजरही गेली.

खऱ्या चाचणीत भाग घेणाऱ्याकडून प्रयोगातल्या औषधाचे पैसे घेत नाहीत. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी वेबसाइटवर असते. जाहिरातीतल्या डॉक्टरांना फक्त एवढंच विचारा, ‘सीटीआरआय नंबर द्या.’ पुढचं त्यांच्या उत्तरावरून कळेल.

‘अ’ जीवनसत्त्वाच्या जास्त ताकदीच्या गोळ्या आरपीला पूर्वी सुचवल्या जायच्या, आता त्यांच्या फायद्याबद्दल मोठी शंका आहे. स्टारगार्टमध्ये तर त्या टाळायलाच सांगतात. म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला बाधू शकतं. स्वतःच्या मनाने मेडिकलमधून काही आणू नका.

पण नियमित तपासणी मात्र सोडू नका, कारण आरपीबरोबर येणाऱ्या दोन गोष्टींवर उपचार आहेत. एक म्हणजे मोतीबिंदू, जो आरपीत कमी वयात येऊ शकतो आणि ऑपरेशनने निघतो. दुसरी म्हणजे रेटिनाच्या मध्यभागी साचणारं पाणी, जे औषधाने कमी होऊ शकतं. ‘आरपीच वाढला असेल’ म्हणून अंगावर काढलं तर वाचण्यासारखी नजर जाते.

फोन: अक्षर मोठं करू नका (सगळ्यांसाठी नाही!)

कमी दिसतं म्हटलं की आपण पटकन त्या माणसाचा फोन घेतो आणि फॉन्ट सगळ्यात मोठा करून देतो. आरपीवाल्याला याचा उलट त्रास होऊ शकतो. त्याला छोट्या गोलातून दिसतंय. अक्षर मोठं केलं की त्या गोलात एकावेळी दोनच अक्षरं मावतात आणि शब्द वाचायलाही नजर फिरवावी लागते. त्याला हवा मध्यम किंवा लहान फॉन्ट आणि स्पष्ट कॉन्ट्रास्ट. पांढऱ्या स्क्रीनची चमकही अनेकांना टोचते, त्यासाठी डार्क थीम, कलर इन्व्हर्जन किंवा एक्स्ट्रा डिम. उलट स्टारगार्टमध्ये मधला भाग गेलाय, कडेनं बघून वाचावं लागतं. तिथे मोठा फॉन्ट आणि मॅग्निफिकेशन खरंच कामाचं. तेव्हा आधी विचारा, मग सेटिंग बदला.

नजर आणखी कमी झाली की स्क्रीन रीडर. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर, दोन्ही २००९ पासून आहेत आणि दोन्ही फुकट. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक. कंपनीप्रमाणे मेनू थोडा वेगळा असेल. चालू केल्यावर फोनची वागणूकच बदलते: एकदा टच केलं की फोन नाव वाचतो, डबल टॅप केलं की उघडतो, आणि स्क्रोल करायला दोन बोटं लागतात. चालू करायच्या आधी बंद कसं करायचं ते बघून ठेवा. शॉर्टकट सेट केला असेल तर दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीन सेकंद दाबायची. हा लेख लिहिताना मी एक संध्याकाळ डोळे मिटून टॉकबॅकवर काढली. पहिला अर्धा तास साधा पासवर्ड टाकता येईना. एका जेवण मागवायच्या ॲपमध्ये तर पैसे भरायच्या बटणावर बोट ठेवलं की फोन नुसतं ‘अनलेबल्ड बटण’ म्हणायचा. ॲप बनवणारे कुणी वाचत असाल तर त्या बटणाला नाव द्यायला दोन मिनिटं लागतात हो.

मराठीसाठी गूगलच्या टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज डाउनलोड करा. आयफोनवर मराठी आवाज २०२२ च्या आयओएस १६ पासून आला. सराव झाला की वेग वाढवा. रोज वापरणारी माणसं इतक्या वेगात ऐकतात की आपल्याला तो नुसता गलका वाटतो.

इथे तुमचाही एक वाटा आहे. आपण व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, ते स्क्रीन रीडरच्या तोंडून ऐका एकदा. इंग्रजी उच्चारांत त्याचं जे होतं ते ऐकून हसू येईल, पण ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. देवनागरीत लिहिलेलं तो व्यवस्थित वाचतो. कॉलेजच्या ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकलात तर खाली तारीख, वेळ आणि वर्ग टाइप करा.

काही ॲप्स: गूगलचं लुकआउट आणि मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय कॅमेऱ्यासमोरचा मजकूर वाचतात आणि वस्तू ओळखतात. बी माय आइज २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं. स्वतःची नजर कमी होत गेलेल्या हान्स यॉर्गन विबर्ग यांची ही कल्पना. यात व्हिडिओ कॉलवर एखादा स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो, आणि आता फोटोचं वर्णन एआय सुद्धा करतं. तुम्हाला नीट दिसत असेल तर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा, कॉल सहसा एक-दोन मिनिटांचा असतो. वापरणाऱ्यांनी मात्र अनोळखी माणसासमोर एटीएम कार्ड किंवा ओटीपी धरू नये. आणि औषधाची एक्स्पायरी एआयने सांगितली तर घरातल्या कुणाकडून परत वाचून घ्या, कारण एआय चुकीची तारीखही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतं. रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप २०२० मध्ये आलं. ते नोट किती रुपयांची आहे ते बोलून सांगतं आणि इंटरनेट नसलं तरी चालतं. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही.

६/६ दिसतं, तरी अंध?

कायद्याने, हो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये फक्त तक्ता वाचण्यावर सगळं ठरत नाही. चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासकट ३/६० पेक्षा कमी असेल तर अंधत्व, पण बघण्याचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तरीही अंधत्वच. १० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. अनेक आरपी रुग्णांना हे माहीतच नसतं आणि ‘तुला तर वाचता येतंय’ ऐकून ते प्रमाणपत्राच्या वाटेलाच जात नाहीत. तपासणीला जाताना फील्ड टेस्टचा रिपोर्ट बरोबर न्या आणि त्याचा विचार करा असं स्पष्ट सांगा.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तिथून यूडीआयडी कार्ड मिळतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीत अंध आणि अल्पदृष्टी गटासाठी १ टक्का आरक्षण, प्रवासात सवलती, परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. लेखनिकाचा अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच करा, आदल्या आठवड्यात पळापळ होते.

बँकेच्या ॲपवर केवायसी करताना ‘डोळे मिचकावा’ किंवा ‘चेहरा चौकटीत आणा’ यावर गाडी अडते ना? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी दिव्यांगांना जमेल अशी करायचे निर्देश दिले. तुमचं ॲप अजून सुधारलं नसेल तर तक्रारीत या निकालाचा उल्लेख करा.

मदतीसाठी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र आहे, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. रेटिनाच्या आजारांसाठी रेटिना इंडिया ही रुग्णांची संस्था आहे. पाठ्यपुस्तकं ऐकण्यासाठी सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी बघा.

आणि पांढरी काठी. आरपी असलेली बरीच तरुण मुलं ती बॅगेत घडी करून ठेवतात, बाहेर काढत नाहीत. कारण लोकलमध्ये एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फोनवर रील बघणारा दिसला की लोक लगेच ‘नाटक करतोय’ म्हणतात, कुणी व्हिडिओही काढतं. त्याला फोनची स्क्रीन त्या छोट्या गोलात दिसतेय, पण पायाशी असलेली प्लॅटफॉर्म आणि गाडीमधली फट दिसत नाहीये. तुम्ही तिथे उभे असाल तर व्हिडिओ काढणाऱ्याला एवढं सांगा.